ओकाडासाहेबांचा आग्रह

“हेम, तू मासे खातोस ना?” साहेबाने विचारलं आणि हेमचंद्र “येस, येस!” म्हणून मोकळा झाला. खरं सांगायचं तर साहेबाने “खिळे खातोस ना?” विचारलं असतं तरी तो हेच म्हणाला असता. (साल १९८६. व्हिसा जूनमध्ये संपणार आणि ग्रीन कार्डसाठी साहेबाची सही व्हायची. अशा वेळी माणूस काहीही खातो.) फ्रँकसाहेबाने स्पष्टच सांगितलं होतं, “जपानहून आपलं बडं गिऱ्हाईक, मिस्टर ओकाडा येताहेत. शुक्रवारच्या जेवणात ते खूष झाले, की सोमवारी माझी सही.”

हेमचंद्राची मत्स्याहाराची एकूण कारकीर्द म्हणजे हॉस्टेलवर मित्राच्या ताटातला पापलेटचा एक तुकडा, तोही डोळे मिटून. तरी बेलव्ह्यूहून सिअ‍ॅटलला ड्राइव्ह करताना तो बायकोलाच धीर देत होता.

रेस्टॉरंटच्या दारात काचेची टाकी होती. तिच्यात काळं, लांबलचक, बुळबुळीत काहीतरी वळवळत होतं.

“अहो, हे साप आहेत!” विनीता कुजबुजली.

“साप कसले? ईल आहेत. इथे तेच मिळतं. कोकणात वाम म्हणतात. मासाच तो.”

“मग तुम्ही माझ्यामागे का लपताय?”

हेमचंद्र अमरावतीचा. लहानपणी विहिरीत दिवड साप दिसल्यापासून त्याने पुन्हा विहिरीत डोकावून पाहिलं नव्हतं. आता तेच जनावर भाजून समोर येणार होतं. पळून जावं असं फार वाटलं. पण पळून जायचं कुठे? जूननंतर तर आपोआपच अमरावती होती.

ओकाडासाहेब साठीचे, हसतमुख. त्यांनी वाकून स्वागत केलं. बसल्या बसल्या विनीताने इंग्रजीत शांतपणे जाहीर केलं, “आज माझा उपास आहे.” ओकाडासाहेबांनी आदराने मान लववली आणि तिच्यासाठी नुसता चहा मागवला. हेमचंद्र बघतच राहिला. (त्या दिवशी कुठलीही तिथी नव्हती.)

काळी चकचकीत पेटी त्याच्यापुढे आली. झाकण उघडलं, तर भातावर तो पसरलेला! तपकिरी, तुकतुकीत, धुराच्या वासाचा. फ्रँकचे डोळे हेमचंद्रावर, हेमचंद्राचे दारावर.

नावडतं आधी संपवावं आणि पानात काही टाकू नये, ही घरची शिकवण. त्याने देवाचं नाव घेतलं आणि चहाच्या घोटाबरोबर तुकड्यामागून तुकडा गिळायला सुरुवात केली. प्रत्येक घास आत जाऊन पुन्हा वळवळतोय असं त्याला वाटत होतं. चव गोड होती की खारट, देव जाणे. पेटीत शीतसुद्धा उरलं नाही.

“वा!” ओकाडासाहेब थक्क झाले. “इतक्या आवडीने ईल खाणारा परदेशी माणूस मी पाहिला नाही.” आणि दुसरी पेटी आली.

शेवटचा घास अजून तोंडात होता, बोलायची सोय नव्हती. मग पंगतीत आग्रह झाला की आपण जे करतो तेच हेमचंद्राने केलं. पेटीवर दोन्ही हात आडवे धरले आणि वर पार ओणवा झाला. वाढप्याला एवढ्यावरून कळतं.

ओकाडासाहेबांना वेगळंच कळलं. ते गहिवरले आणि त्याच्याहून खाली वाकले. आपलं ‘नको’ पोचलं नाही असं वाटून हेमचंद्र आणखी वाकला. ओकाडासाहेबही आणखी वाकले.

“ब्यूटिफुल, हेम!” फ्रँक कानाशी म्हणाला. “हे जपानी मॅनर्स कुठे शिकलास?”

दुसरी पेटी संपली. हेमचंद्राने पुन्हा हात आडवे धरले, तर ईलच्या काळजाचं सूप आलं. हेमचंद्राचं स्वतःचं काळीज एव्हाना बंद पडायच्या बेतात होतं.

बाहेर पार्किंग लॉटमध्ये फ्रँकने त्याला मिठीच मारली. “कमाल केलीस! ओकाडा म्हणतात, असा माणूस त्यांना त्यांच्या कारखान्यातच पाहिजे. निदान दोन वर्षं. शेजारीच ईलची तळी आहेत, कँटीनमध्ये रोज ताजे!”

“आणि माझं ग्रीन कार्ड?” हेमचंद्राने कसंबसं विचारलं.

“जपानमध्ये ग्रीन कार्ड घेऊन काय करणार तू?” म्हणत फ्रँक हसत हसत निघून गेला.

 घरी परतताना गाडी सरोवरावरच्या पुलावर आली, तेव्हा हेमचंद्राने चाचरत म्हटलं, “तिकडे आपल्याला कंपनीचं घर मिळेल.”

“आपल्याला नाही, तुम्हाला,” विनीता म्हणाली. “मी आईकडे जाणार. आणि पूल संपला की गाडी जरा बाजूला घ्या, तुम्हाला उलटी होणार आहे.”