काढलं किती, लागतं किती!

कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा चिकटवलेला माणूस दिसला की प्रभाताई त्याला अडवायच्याच. ओळख असो वा नसो. इथे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोच्या एका दुकानात त्यांनी अमेरिकन म्हाताऱ्याला विचारलं होतं, "हाऊ मच दे टुक?" त्याला वाटलं, बाई चोरीबद्दल विचारताहेत. प्रभाताईंच्या मते ती चोरीच होती.

"नळीभर काढतात, थेंबभर वापरतात, बाकीचं मोरीत! तपासतात की विहीर उपसतात हो?"

प्रभाताई मूळच्या नागपूरच्या, आमच्याच चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. आम्ही बाकीचे ट्रान्झिस्टरला पाण्यापासून जपायचो. ह्या बाई तो मुद्दाम रक्तात बुडवायच्या. त्यांच्या ट्रान्झिस्टरवर एक पातळ पापुद्रा होता. रक्तातलं पोटॅशियम वाढलं-घटलं की आतला करंट बदलायचा. नखाहून लहान चिप, थेंबभर रक्त, लगेच उत्तर! निदान मिठाच्या पाण्यात तरी. खऱ्या रक्तात थोड्याच वेळात आकडा भरकटायचा. "पुन्हा ड्रिफ्ट! मेल्याला एका जागी बसवत नाही!" हे भिंतीपलीकडून ऐकलं की वाटायचं, नवऱ्यालाच झापताहेत. नवरा नव्हता. घरी कुणीच नव्हतं.

मग मॅनेजरनं प्रोजेक्ट कॅन्सल केलं. चिप सुधारायला फार वेळ लागतोय म्हणे.

"आणि ह्या डॉक्टरांच्या सुया? त्या सुधारायला कुणी सांगतं का?" प्रभाताई कॅन्टीनमध्ये कडाडल्या. त्यांना घड्याळांच्या चिपवर बसवलं होतं. "आता मी लोकांना वाजले किती ते सांगत बसू!"

त्याच सुमारास आमची मुलगी फार लवकर जन्मली. काचेच्या पेटीत होती. तिच्या टाचेला टोचून सारखं रक्त घ्यायचे आणि गेलेलं भरून काढायला पुन्हा रक्त चढवायचे. मी हे प्रभाताईंना सांगितलं आणि लगेच पस्तावलो. त्यांनी पर्स उचलली. "चल. गाडी काढ."

आता हॉस्पिटलात तमाशा होणार, म्हणून मी वाटभर त्यांना समजावत होतो.

वॉर्डाच्या खिडकीतून आम्ही पाहिलं. नर्सनं गरम फडक्यानं टाच शेकली, टोचली, दाबून थेंब काढला. मुलीनं तोंड उघडलं. काचेबाहेर आवाज आला नाही. इतकी वर्षं प्रभाताईंकडे रक्त बाटलीतून यायचं. ते अंगातून निघताना त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात मी आणि शैला, माझी बायको, वॉर्डात गेलो तेव्हा नर्स हसून म्हणाली, "बेबीची आजी फार गोड आहे हं. रोज लंच अवरला येते. टोचताना दुसरा पाय हातात धरून तिच्याशी बोलत बसते."

माझी आई साताऱ्याला होती, शैलाची कऱ्हाडला. त्या वॉर्डात आईवडील आणि आजीआजोबा सोडून कुणालाच आत घेत नसत. प्रभाताई तर आमच्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठ्या.

मी काही बोलणार, एवढ्यात शैलानं माझा हात दाबला.

"हो," ती नर्सला म्हणाली, "माझ्या सासूबाई आहेत."