बंदुकीच्या तोंडाचा डबा

मुलांनो, एका जंगलात एकच बंदूक होती, आणि ती पुरत होती.

कुणी शिकारी ती टाकून पळाला होता. खरं तर ती रायफल, पण जंगलात सगळे तिला बंदूकच म्हणत. ती पाळीपाळीने एकेका घरी राहायची. ज्याच्या बिळात बंदूक, त्याच्याकडे आठवडाभर जंगलाची राखण. लांडगा दिसला की बार काढायचा. बार काढताना डोळे घट्ट मिटायचे आणि नळी आभाळाकडे धरायची. पहिला बार एका रानडुकराने घाबरून असाच काढला होता, आणि तो लागू पडला होता. तेव्हापासून तीच पद्धत. नव्या पिढीलाही तेच शिकवत, आधी डोळे मिटायला, मग चाप ओढायला.

लांडग्यालाही पद्धत ठाऊक होती. त्याचं नाव रावजी. बार ऐकू आला की रावजी शेपूट घालून ओढ्यापलीकडे पळायचा आणि बाकीचे आपापल्या बिळात शिरायचे. आजवर एकही गोळी कुणाला लागली नव्हती. सगळं सुरळीत चाललं होतं.

त्या आठवड्यात पाळी आली ऊर्मिला सशिणीची.

ऊर्मिलाला तीन पिल्लं होती, वीस दिवसांची. ती शिकलेली होती, त्यामुळे काळजी कशाकशाची करायची हे तिला नीट माहीत होतं. पिल्लं झोपली की ती त्यांचा श्वास चालू आहे का ते बघायची. तिच्या बघण्याने पिल्लं जागी व्हायची. मग ती स्वतःला बोल लावायची, पिल्लांना पुन्हा थोपटायची, आणि ती झोपली की पुन्हा श्वास बघायची.

अशा घरात बंदूक आली.

लांडग्याची भीती तिला होतीच. पण लांडगा कधीतरी येतो, झोप रोज दुपारी लागायची असते. ऐन झोपेत बार निघाला तर एवढ्याशा कानांचं काय होईल? आणि सशाचे कान म्हणजे एवढेसे तरी कुठले.

वडाखाली नवमाता मंडळ भरायचं, तिथे तिने विचारलं. खार म्हणाली, मोठा आवाज पिल्लांना मुळीच चालत नाही. घोरपड म्हणाली, सवय लावायला हवी, मी तर अंड्यात असल्यापासून लावली. टिटवीने कुठेतरी काहीतरी वाचलं होतं. काय ते तिला आठवत नव्हतं, पण ते भयंकर होतं एवढं नक्की आठवत होतं. त्या टिटवीपायी ऊर्मिलाला दोन दिवस घास गेला नाही.

सासूबाईंचं म्हणणं, आमच्या वेळी बार झाला की पोरं गप्प बसायची, कुणाला काही झालं नाही. आता त्या वेळच्या पोरांपैकीच एक म्हणजे निनाद, ऊर्मिलाचा नवरा. तो तिसऱ्या हाकेला ओ देतो. ऊर्मिलाला ते उदाहरण पटेना.

शेवटी ती मुकुंदशेठ साळिंदराच्या दुकानात गेली. बंदुकीच्या तोंडाला लावायच्या वस्तू तो विकायचा. जंगलात बंदूक एक, वस्तू मात्र त्याच्याकडे चाळीस प्रकारच्या.

"वहिनी, आधी सांगा, त्रास कशाचा होतो?" त्याने विचारलं. "धक्क्याचा, जाळाचा की आवाजाचा?"

"लांडग्याचा," ऊर्मिला म्हणाली.

"ते खातं माझ्याकडे नाही. मी फक्त तोंडाचं बघतो."

मग त्याने तीन वस्तू मांडल्या. पहिली होती भोकाभोकांची. तिने खांद्याला धक्का कमी बसतो, आवाज मात्र दुप्पट होतो. ऊर्मिलाने ती दोन बोटांनी बाजूला सरकवली. दुसरी उमललेल्या कळीसारखी. बार निघताना नळीच्या तोंडाशी जाळ होतो, तो तिने दिसत नाही. ऊर्मिलाने विचारलं, डोळे मिटलेले असताना जाळ दिसतो कुणाला? मुकुंदशेठला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने कळी गुपचूप फडताळात ठेवून दिली.

तिसरा होता एक लांबट डबा. काळा, गुळगुळीत, हातात धरावासा वाटणारा.

"हा लावला की बार निघाला हे बंदुकीलाही कळत नाही," मुकुंदशेठ म्हणाला. "खास लेकुरवाळ्यांसाठी मागवलाय."

ऊर्मिला डबा हातात घेऊन उभी राहिली. काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं. पण तसं तिला दिवसातून साठ वेळा वाटायचं, दूध पाजताना वाटायचं, नखं कापताना वाटायचं. त्यामुळे खरोखर चुकतं तेव्हा वेगळं काय वाटतं, हे ती विसरून गेली होती.

तिने डबा घेतला.

गुरुवारी दुपारी निनाद चाऱ्याला गेला होता. दोन तास थोपटल्यावर तिसऱ्या पिल्लाचा डोळा लागला. ऊर्मिला बिळाच्या तोंडाशी येऊन बसली, तर समोरून रावजी येत होता.

तिने बंदूक उचलली, नळी आभाळाकडे केली, डोळे मिटले आणि चाप ओढला.

फुस्स.

पिल्लं जागी झाली नाहीत. ऊर्मिलाचा जीव भांड्यात पडला. तिने डोळे उघडले, तर रावजी चार हातांच्या अंतरावर उभा.

"वहिनी, बार काढायचा राहिला का?" त्याने विचारलं.

"काढला की आत्ताच. आणि जरा हळू बोला, पिल्लं झोपलीत."

रावजीने आवाज खाली आणला. "मला तर ऐकू नाही आला. ऐकल्याशिवाय पळायचं कसं? मलाही काही पद्धत आहे."

त्याचं म्हणणं रास्त होतं. ऊर्मिलाने पुन्हा डोळे मिटून बार काढला. फुस्स. रावजीने कान टवकारले, मग सावकाश इकडेतिकडे पाहिलं. समोर हरणं निवांत चरत होती. खार शेंग सोलत होती. कुणीही बिळाकडे पळत नव्हतं, कारण कुणालाच काही कळलं नव्हतं. तेव्हा रावजीला मात्र सगळं कळलं.

"अरे वा," तो हलकेच म्हणाला, आणि बिळाकडे निघाला.

ऊर्मिलाने तिसऱ्यांदा डोळे मिटले आणि चाप ओढला. काडतुसं संपली होती. ती बिळाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. रावजीने आणखी एक पाऊल टाकलं, ते नेमकं सागाच्या वाळलेल्या पानावर. पान कर्रकन वाजलं.

आत तिसरं पिल्लू जागं झालं आणि रडू लागलं.

ऊर्मिलाने डोळे उघडले. तिला समोर लांडगा दिसलाच नाही, मुलांनो. तिला फक्त पिल्लाला उठवणारा दिसला.

"मेल्या, दोन तास थोपटत होते मी त्याला."

हे वाक्य तुम्हाला जमेल तितक्या मोठ्याने वाचा, आणि मग त्याच्या दसपट समजा. वीस दिवस ती कुजबुजत बोलली होती. ते सगळं साठलेलं एकदम बाहेर आलं. झाडावरची दोन माकडं खाली पडली. हरणं, खारी, घोरपडी मिळेल त्या बिळात शिरल्या, कुणाचं बीळ ते न बघता. रावजी ओढा ओलांडून थांबला नाही, डोंगरही ओलांडून गेला.

संध्याकाळी सगळं जंगल ऊर्मिलाच्या दारात जमलं. लांडगा इतका लांब पळाला तो कशाने, हे सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं. निनादने बंदूक आणून मधोमध ठेवली. दुपारी तो तिथे नव्हता, त्यामुळे त्याला सगळं नीट समजावून सांगता आलं.

"बार आधी निघतो, आवाज मागाहून येतो," डब्यावरून हात फिरवत तो म्हणाला. "तोही नळीतून नाही, घरातून. त्यामुळे लांडग्याला अंदाजच येत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अंधार पडायच्या आत मुकुंदशेठकडे प्रत्येक घराने डब्यासाठी नाव नोंदवलं. रानडुकराने दोन सांगितले.

ऊर्मिला आत बसली होती. तिन्ही पिल्लं टक्क जागी होती आणि कान उभे करून तिच्याकडे बघत होती. आपण पिल्लांसमोर केवढ्याने ओरडलो, त्यातून 'मेल्या' म्हणालो, या विचाराने तिला कसंनुसं झालं. पुढच्या वेळी काही झालं तरी आवाज चढवायचा नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

तात्पर्य: संकट टळतं ते चांगल्या वस्तूमुळे. आई ओरडते ती मात्र तिच्या स्वभावामुळे, आणि तो तिने वेळीच सुधारावा.