प्रमाणापेक्षा जास्त

पिंपरीच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत दाखल होण्यापूर्वी माणसाने किती अभ्यास करावा, हा प्रश्न १९५७ सालापर्यंत उपस्थित झाला नव्हता. सर्व सभासद जन्मतःच दाखल होते. मग दौलतरावांनी दाखल होण्याबद्दल विचारणा केली.

दौलतराव नव्या औषध कारखान्यात फिटर होते. त्यांच्या पत्नी सोजराबाई नगरकडच्या, मंडळीतल्या. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खाण्याच्या वेळी बाप्तिस्मा न झालेल्यांनी व्हरांड्यात थांबावे, असा नियम होता. व्हरांड्यात चपला असत. दौलतरावांना यंदाच्या नाताळाला आत बसायचे होते.

"मंडळीत येताय, की चपलांच्या राखणीला?" सोजराबाई विचारत.

पंचांची बैठक बसली. मुख्य पंच मारुतराव त्याच कारखान्यात औषधांची तपासणी करीत.

"प्रमाण ठरल्याशिवाय माल पास करता येत नाही," ते म्हणाले.

"मग प्रमाण कोणतं धरायचं?" मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब यांनी विचारले.

"सभासदांना जेवढं येतं, त्याची सरासरी."

सभासदांची तोंडी परीक्षा झाली. येशूच्या बारा शिष्यांपैकी सरासरी साडेतीन निघाले. दहा आज्ञांपैकी चोरीची सर्वांना ठाऊक होती. बाकीच्यांबाबत मतभेद होते. एका पंचांनी नोहाच्या तारवात कित्येक पिढ्यांनंतरच्या मोशेला बसवले. हे प्रमाण एकमताने मंजूर झाले.

इकडे सोजराबाईंनी नवऱ्याकडून येशूच्या चरित्राची चारही शुभवर्तमाने घोटून घेतली होती. दौलतरावांनी बाराही शिष्य धडाधड सांगितले.

"नापास," मारुतराव म्हणाले.

"अहो मारुतराव, सगळे तर सांगितले!"

"तोच तर दोष. बाटलीवर छापलंय त्यापेक्षा औषध कडक निघालं, तरी आम्ही माल परत पाठवतो."

"मग आता मी काय करू?"

"पातळ व्हा."

दौलतरावांचे वाचन बंद करून त्यांना प्रवचने लावून देण्यात आली. पहिल्या महिन्यात शिष्यांपैकी बर्थलमय गळाला, मग तद्दय. पेत्र मात्र हटेना. अखेर पाळकसाहेबांनी खास पेत्रावरच दीड तास प्रवचन केले, तेव्हा तोही गेला. घरी सोजराबाई भाकऱ्या थापता थापता उजळणी घेत.

"योहान कोण?"

"आपल्या चाळीतला?"

"शाब्बास!"

नाताळाच्या आदल्या रविवारी दौलतराव प्रमाणात बसले. बाप्तिस्मा झाला. नाताळाच्या दिवशी ते पहिल्या रांगेत बसले, समोर भाकर आली. ती हातात धरून त्यांनी शेजारी हळूच विचारले,

"मारुतराव, हे कशासाठी असतं हो?"

मारुतरावांचे डोळे भरून आले. "दौलतराव," त्यांनी खांद्यावर हात ठेवला, "आता तुम्ही आमचे."

ही गोष्ट दुसऱ्यांच्या धर्माची आहे, असे वाटून ज्या वाचकांना बरे वाटले असेल, त्यांनी आज सकाळी देवापुढे म्हटलेल्या श्लोकाचा अर्थ स्वतःशी लावून पाहावा. लागला, तर मात्र बाहेर बोलू नये. घरचे लोक काळजीत पडतील.