दारातले दानप्पा

दिवसभर दुकानात बसून तुम्ही घरी येता. दारात तुमचाच भाडेकरू उभा असतो. तो हात पुढे करतो आणि म्हणतो, "यावं, यावं. आपलं प्रेमपूर्वक स्वागत असो. कुटुंब सोबत न्हाई आलं?"

माझ्यावर हा प्रसंग दोन वर्षं रोज संध्याकाळी येत होता. कुटुंब आत भाकरी थापत असायचं. मी तसं सांगितलं की दानप्पा माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणत, "लई आनंद वाटला. पुढं जागा हाय. पुढं बसून घ्यावं." आणि मी माझ्याच ओसरीवर, पाहुण्यासारखा अवघडून, पुढे जाऊन बसायचो.

त्यांचं खरं नाव दानियल. पण आमच्या लिंगायताच्या घरात नावाला 'अप्पा' लागल्याशिवाय पुरुष पुरा होत नाही. माझ्या आईने, म्हणजे अव्वाने, पहिल्याच दिवशी त्यांना दानप्पा करून टाकलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे ते स्वतःची ओळखही तशीच करून देऊ लागले. पन्नाशी ओलांडलेला उंच, सडपातळ माणूस. पांढरा शर्ट, काळी पँट, आणि बूट असे चकचकीत की अव्वा त्यात वाकून कुंकू नीट आहे का बघायची.

देगलूरच्या पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीत, एक मोठं बॅप्टिस्ट मिशन होतं. शाळा, दवाखाना, वसतिगृह, जीपगाड्या, सगळा बारदाना. तिथल्या चर्चच्या दारात उभं राहून येणाऱ्यांचे हात हातात घ्यायचे आणि त्यांना जागेवर बसवायचं, हे दानप्पांचं काम. वीस-बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. "सणाच्या दिवशी हजार माणूस आत जायचं, शिवराजप्पा," ते मला सांगत, "पण एकाचाबी हात सुटायचा न्हाई."

आता असा माणूस मिशन सोडून आला तर त्याने करावं काय? मास्तर शिकवण्या घेतो. ड्रायव्हर ट्रकवर जातो. कंपाउंडर तर गावात आला की डॉक्टरच होतो. पण दारात उभं राहणाऱ्याला दार कोण देणार?

मिशन का सोडलं, याचं उत्तर ते प्रत्येकाला वेगळं देत. मला म्हणाले, "चर्चच्या पाळकसाहेबांना माझा आवाज मोठा वाटून राहिला होता." माझ्या बायकोला, मंगलला, म्हणाले की तिकडची हवा मानवली नाही. अव्वाला सांगितलं, बदली झाली. मिशनमधून थेट लातूरच्या डाळीच्या बाजारात बदली कशी होते, हे अव्वाने विचारलं नाही. ती नुसती "हाव का" म्हणाली. अव्वा असं म्हणाली की समजावं, तिने ते गाठोडं बाजूला ठेवलंय, फुरसतीने सोडणार आहे.

पहिलं दार मी दिलं. गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमचं डाळीचं दुकान आहे, तिथे त्यांना उभं केलं. पहिल्याच आठवड्यात औशाकडचं एक गिऱ्हाईक डाळीत खडे निघाले म्हणून तणतणत आलं. दानप्पांनी त्याचे दोन्ही हात धरले, त्याला पुढच्या पोत्यावर बसवलं आणि विचारलं, "आईचे गुडघे कसे हायत आता?" प्रत्येक माणसाला आई असते आणि प्रत्येक आईला गुडघे असतात, एवढ्यावर त्यांनी हा प्रश्न टाकला होता. त्या माणसाचे डोळे भरून आले. तासभर तो गुडघ्यांबद्दल बोलला, चहा प्याला आणि तीच डाळ आणखी एक पोतं घेऊन गेला. पण पुढे पुढे लोक गुडघ्यांसाठीच यायला लागले. दुकानात पोत्यापोत्यावर माणसं बसलेली, सगळी सुखदुःखं चाललेली आणि तराजू आपला रिकामा लोंबतोय. शेवटी मीच त्यांना हात जोडले.

मग लग्नं. बाजारातल्या एका व्यापाऱ्याने मुलीच्या लग्नात त्यांना मांडवाच्या दारात उभं केलं. हातात गुलाबदाणी, खांद्यावर उपरणं. सुरुवात झकास झाली. तेवढ्यात मुलाकडचं निजामाबादचं वऱ्हाड आलं. कानावर तेलुगू पडताच दानप्पा विरघळले आणि तेलुगूतच स्वागत करू लागले. आता, तेलुगूत 'यावं, यावं' असं आदराने म्हणायला जो शब्द आहे, तो मी इथे लिहीत नाही. तिकडे तो देवाच्या दारातही चालतो. इकडे मराठीत तो बाईमाणसाला म्हटला तर मांडव पेटतो. निजामाबादकरांच्या मागोमाग नवरीची उदगीरची नव्हे, औशाची आत्या आली. उदगीर हद्दीला लागून, तिथली असती तर तिला तेलुगू कळलं असतं. दानप्पांनी तिच्यावर गुलाबपाणी शिंपडलं, कमरेत वाकले, आणि तो शब्द दोनदा उच्चारला.

आत्याने खाली वाकून पायातली चप्पल काढली.

दानप्पांना वाटलं, बाई धार्मिक दिसतात. ते नम्रपणे म्हणाले, "असू द्या, बाई. इथं चपला घालून चालतं."

देगलूरकडचा एक आचारी धावत आला म्हणून ते वाचले. त्याने अर्थ समजावून सांगितल्यावर आत्या अशी हसली की तिला धरून खुर्चीवर बसवावं लागलं. जाताना तिने स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दानप्पांना दिलं. म्हणाली, "या नक्की. पण त्यो सबूद घरी ठिवून या."

तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. गल्लोगल्ली भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या. साहेब नवे, शिपाई नवे, कोण कुणाचा हे कुणालाच ठाऊक नाही. दानप्पांना हा काळ म्हणजे पर्वणी वाटली. ते रोज सकाळी अशाच एका कचेरीच्या फाटकात जाऊन उभे राहू लागले. कुणी नेमलं नव्हतं, पण कुणी हटकलंही नाही. शिपायांना वाटे हे साहेबांचे, साहेबांना वाटे हे सरकारचे.

एके दिवशी पुण्याकडून एक अधिकारी रुजू व्हायला आले. दानप्पांनी हात हातात घेऊन सांगितलं, "उशीर झाला तरी हरकत न्हाई. पुढची बाकं नेहमी रिकामी राहतात." आणि त्यांना व्हरांड्यातल्या पहिल्या बाकावर बसवलं. ते बाक अर्जदारांचं होतं. साहेब बिचारे सरकारी शिस्तीचे. बसले ते दुपारपर्यंत बसले. तोवर शेजारच्या अर्जदाराने त्यांना आपल्या भावकीचा सगळा तंटा सांगितला होता आणि शिदोरीतली अर्धी भाकरीही दिली होती. साहेबांचा शोध लागला तेव्हा ते ठेचा खात होते.

दुसऱ्या दिवशीपासून दानप्पांनी येऊ नये, असं त्यांना गोडीत सांगण्यात आलं. "माझी तिथली सेवा पूर्ण झाली," ते घरी येऊन म्हणाले आणि एक भाकरी जास्त जेवले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पाण्याने तोंडचं पाणी पळवलं. पाऊस आदल्या वर्षीच रुसला होता. नळ नावापुरते राहिले आणि गल्लीत टँकर यायला लागला. टँकर आला की घागरींवर घागरी आदळत, झिंज्या सुटत, कधी पितळेला पोचे येत, कधी माणसांना. एका सकाळी दानप्पा बुटांना पॉलिश करून टँकरपाशी जाऊन उभे राहिले. "यावं, शांताबाई. आपलं स्वागत असो. घागर हिकडं." बायका आधी फिदीफिदी हसल्या, मग रांगेत लागल्या. आपल्या नावाने कुणी स्वागत केल्यावर लगेच झिंज्या धरायला माणूस जरा लाजतो. ज्या दोघींचं हाडवैर होतं, त्यांच्या मध्ये दानप्पा कोपऱ्यावरच्या बहिऱ्या म्हातारीला उभं करत. मला म्हणाले, "चर्चमंदीबी असंच करायचं. दोन भांडलेल्या घरांच्या मधी एक बहिरी आजी. तिला कुणाचंच ऐकू येत न्हाई. शांती राहती." सगळ्यांचं झाल्यावर ते स्वतःची बादली लावत. बरेचदा तोवर टँकर खडखडत असायचा. मग मंगल आमच्यातली कळशी त्यांच्या खोलीत ठेवून यायची.

एवढं सगळ्यांचं स्वागत करणारा हा माणूस एका व्यक्तीपुढे मात्र मुका व्हायचा. ती म्हणजे रूथसिस्टर.

रूथसिस्टर त्याच मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. मिशनने दवाखाना बंद केला, तेव्हा त्यांची नोकरीही गेली आणि राहती खोलीही. त्या लातुरात आल्या, एका खाजगी दवाखान्यात लागल्या. दानप्पा आले ते त्यांच्यानंतर. अव्वाला ताकदीची सुई द्यायला त्या आठवड्यातून दोनदा आमच्याकडे येत. पांढरी साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, बोलणं मोजकं. काचेची सिरिंज पातेल्यात किती उकळायची ते घड्याळात बघूनच. अव्वा म्हणायची, "ह्या बाईचं सगळं येळेवर. चुकायचं नाव न्हाई."

त्या आल्या की दानप्पा दारातून दोन पावलं मागे सरत. "सलाम, सिस्टर." "सलाम, दानियलराव." संपलं. ना प्रेमपूर्वक स्वागत, ना गुडघे. सुई देऊन झाली की सिस्टर पिशवीतून कधी लोणच्याची बरणी काढत, कधी शेंगदाण्याची चटणी, आणि अव्वाकडे देऊन हळूच म्हणत, "त्यांना द्या. त्यांनाबी माझ्यासारखंच काढलं मिशननं. एकटा पुरुष माणूस, जेवतात का नीट?"

अव्वा म्हणायची, "हाव का."

एका संध्याकाळी गल्लीत जीप आली. मिशनचा ड्रायव्हर प्रकाशम, दानप्पांचा जुना सोबती. दानप्पांनी त्याला मिठी मारली, ओसरीवर पुढे बसवलं. सिस्टर नुकत्याच आल्या होत्या. आत स्टोव्हवर पातेल्यात सिरिंज उकळत होती. अव्वा ओसरीवरच दंडावरची बाही वर करून बसली होती. मंगल चहाला लागली होती.

"चला," प्रकाशम म्हणाला. "पाळकसाहेबांनी गाडी पाठवली. दार तसंच हाय. दुसरा मानूस ठेवला, पन तो नुसता उभा राहतो. तुमचं क्वार्टर रिकामं ठेवलंय. आपल्या हिरीला पानीबी हाय."

दानप्पा बुटांकडे बघत राहिले.

मी विचारलं, "काढून टाकलेल्या माणसाला परत घेतात का तुमच्याकडे?"

प्रकाशम माझ्याकडे बघतच राहिला. "काढलं? याला कोन काढनार? दवाखान्याची मानसं काढली, तेवढीच. ह्यानं आपल्या मनानं सोडलं. पाळकसाहेबांनी हात धरला, कमिटीनं समजावलं. आमी सगळे रडलो. ऐकलं न्हाई. कारनबी सांगितलं न्हाई कुनाला."

सिस्टर आतल्या दारात उभ्या होत्या. हातात कापसाचा बोळा होता.

"तुम्हाला काढलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," दानप्पा म्हणाले.

"मी तर तसंच समजत होते."

"हाव. मी समजू दिलं."

"मग सोडलंत कशाला? चांगलं चाललं होतं तुमचं."

दानप्पांनी तोंड उघडलं. हजार माणसांना नावानिशी हाक मारणारा माणूस, त्याला एक वाक्य जुळेना. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "रविवारी तिसऱ्या बाकावर, खिडकीपाशी, तुमची जागा रिकामी राहायला लागली. कुणाला बसवावं तिथं? मन होईना."

मंगलने आत चहा उतू घालवला. त्याचा वास ओसरीपर्यंत आला. अव्वा मान खाली घालून लुगड्याच्या काठाशी चाळा करत होती. तिचं ते बाजूला ठेवलेलं गाठोडं सुटलं होतं.

सिस्टरने हातातला बोळा पिशवीत टाकला. पदर सारखा केला. मग पिशवी उचलली, ओसरीच्या पायऱ्या उतरल्या आणि फाटकापाशी जाऊन थांबल्या. मागे न बघता त्या प्रकाशमला म्हणाल्या, "पाळकसाहेबांना माझा सलाम सांगा. दानियलराव येणार न्हाईत म्हणावं. त्यांना इथं काम हाय."

"कसलं काम?" प्रकाशमने विचारलं.

"ते अजून ठरायचंय," सिस्टर म्हणाल्या आणि गल्लीत वळल्या.

प्रकाशम एकदा माझ्याकडे बघे, एकदा दानप्पांकडे. दानप्पा कान लाल करून खांबाला टेकले होते. आत स्टोव्ह फुरफुरत होता.

"दानप्पा," अव्वा शांतपणे म्हणाली, "ती बाई मला सुई द्यायची इसरून गेली."

दानप्पांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या वर केलेल्या बाहीकडे बघितलं. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग ते उठले आणि गल्लीत धावले. त्या वयात, शर्ट पँटीतून बाहेर आलेला, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरच्या बायका माना वळवून बघतायत, आणि हा उंच माणूस सिस्टरच्या मागे पळतोय.

अव्वाने बाही काही खाली केली नाही. ती आतल्या बाजूला वळून म्हणाली, "मंगल, स्टोव्ह बंद करू नको. आन चहाला दोन कप वाढीव टाक. येतील सावकाश."