क्रापोची ओळख पटली

सोन्याच्या नाण्यावर आमच्या बेटाचा बेडूक घ्यायचं ठरलं, तेव्हा राजधानीत, रोझोला, पाच जणांची समिती नेमली गेली. मी तिचा सचिव. क्रापो, म्हणजे आमचा हा डोंगरी बेडूक, राष्ट्रचिन्हावर आहेच. पूर्वी तो रविवारी ताटातही असायचा. पुढे साथीत बहुतेक क्रापो मेले आणि आम्हाला त्यांच्याबद्दल अपार प्रेम वाटू लागलं.

राष्ट्रचिन्हाची नक्कल चालणार नव्हती, चित्र आठवणीतून काढायचं होतं. सदस्यांना आठवले ते फक्त पाय. तेही खरपूस तळलेले, शेजारी लिंबाची फोड. अध्यक्षा मादाम व्हालमाँ यांनी ‘तोंडाबाबत माहिती उपलब्ध नाही’ असा शेरा मारून चित्र मंजूर केलं.

मग वनरक्षक पेल्टिये जिवंत क्रापो घेऊन आला. समितीने तो अस्सल असल्याचा दाखला दिला, तर त्याच्या ओढ्याला सरकारी कुंपण मिळणार होतं. मांजरांनी बाकीचे संपवले होते. हा एकटाच उरला होता.

मादामनी बेडूक पाहिला, चित्र पाहिलं. ‘‘याला डोकं आहे.’’

‘‘असणारच ना, मादाम!’’

‘‘मंजूर चित्रात नाही. शिवाय लिंबू कुठाय?’’

‘‘ओढ्यात लिंबू कुठनं आणू?’’

‘‘ते तुमच्या खात्यानं बघायचं.’’

चित्र बदलायला नवी समिती लागली असती. त्यापेक्षा बेडूक संशयित ठरवणं सोपं होतं. पडताळणीसाठी तज्ज्ञ शोधले, तर क्रापोचा चाळीस वर्षांचा अनुभव असलेली एकच व्यक्ती सापडली: कँटीनच्या मा तितीन.

मा तितीननी बेडूक हातावर तोलला. ‘‘नुसतं बघून कसं सांगू, बाळांनो? तेल तापवा.’’

पेल्टिये दारात आडवा उभा राहिला. ‘‘अहो, पोटच्या पोरासारखा सांभाळलाय मी त्याला! तो गेला तर कुंपण कुणाला घालू?’’

‘‘उगाच घाबरता बुवा तुम्ही,’’ मादाम म्हणाल्या. ‘‘अस्सल निघाला तर कुंपण नक्की. माझा शब्द आहे.’’

साडेबाराला पडताळणी झाली. क्रापो एकमताने अस्सल ठरला. दाखल्यावर पाचही सह्या आहेत. कागदाला थोडं तेल लागलंय, एवढंच. मादामनी शब्द पाळला. कुंपण आलं, आणि त्याच्या आत पेल्टिये रोज एकटा बसलेला असतो.

सचिवाने त्यांना अडवायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. खरंय, मला लाज वाटते. पण वाचता वाचता तुमच्याही मनात एक प्रश्न येऊन गेलाच असेल, फक्त विचारायचा धीर होत नाही. सांगतो. मीठ जरा कमी होतं.