दादारावांची बिनभोकाची नाव

आमच्या सौंसरात दादारावांच्या घरी भिंतीला एकही खिळा नाही. कॅलेंडर दारावर कणकेच्या खळीनं चिकटवलेलं, घड्याळ फळीवर, आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या वहिनींचा फोटो खुर्चीवर. त्या खुर्चीकडे कोणी पाहुणा वळला की दादाराव लगबगीनं दुसरी पुढे करतात. "भोक पाडलं का वस्तू गेली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जन्मभर संत्र्याच्या बगिच्यांत मोटारपंप बसवत फिरलेला हा माणूस. तेव्हा भोकं कोण पाडत होतं, हे विचारायची सोय नाही.

मोहगावकडच्या तलावावर त्यांची फायबरची लहानशी नाव आहे. मासोळी ते खात नाहीत. नाव आहे ती मासोळ्यांना कणकेच्या गोळ्या टाकायला. वहिनी दर सोमवारी टाकायच्या, आता हे टाकतात. पण यंदा मासोळ्या वर येईनात. त्या आहेत की गेल्या, या काळजीनं दादाराव अर्धे झाले. शेवटी नागपूरहून मासे दाखवणारं यंत्र घेऊन आले.

त्याचा सेन्सर नावेच्या तळाला भोक पाडून बसवा, असं दुकानदार म्हणाला. तो बोलत असतानाच दादाराव उठले. मग त्यांनीच शोधून काढलं की फायबर भरीव असलं तर सेन्सर आतून चिकटवला तरी त्याचा आवाज तळातून पाण्यात जातो. आधी काठाजवळ नावेच्या आत तळावर पाण्याची पिशवी ठेवून तिच्यात सेन्सर धरून पाहिला. खोली बरोबर आली. फक्त गोंदात हवेचा बुडबुडा नको, आवाज तिथंच अडतो.

दोन नळ्यांतला इपॉक्सी गोंद कालवायचं काम माझ्याकडे आलं. मी मास्तरकीतून निवृत्त, हाताला काम नाही. भज्यांचं पीठ फेटावं तसा फेसाळेपर्यंत फेटला. सेन्सर चिकटला, गोंद वाळला, नाव तलावाच्या मध्यावर नेली. पडदा कोरा.

"गेल्या, गुरुजी," दादाराव म्हणाले आणि कणकेचा डबा न उघडताच परत फिरले.

मला रात्रभर चैन पडेना. मासोळ्या गेल्या असतील, पण तलावाचा तळ कुठे जाईल? तोही दिसत नव्हता. सकाळी जाऊन गोंद फेटून हवा भरल्याचं कबूल केलं. दादाराव रागावले नाहीत. दोन दिवस लोखंडी पत्तीनं गोंद खरवडला, नवा हळूहळू कालवला आणि सेन्सर फिरवत फिरवत दाबून बसवला.

पुढच्या सोमवारी पडद्यावर तळ आला, आणि तळाशी एकाखाली एक कमानी; एक कमान म्हणजे एक मासोळी. मासोळ्या होत्या, फक्त खोल गेल्या होत्या. दादारावांनी अख्खा डबा पाण्यात रिकामा केला.

घरी आल्यावर ते खुर्चीसमोर बसले. "हायेत वो. सगळ्या हायेत," एवढंच फोटोला सांगितलं.

मी भीत भीत म्हटलं, फोटो आता भिंतीला लावू या, गोंदानं लावू, भोक नको.

"भोकाचं काय घेऊन बसले, गुरुजी," दादाराव म्हणाले. "भिंतीवर टांगून हार घातला का ते गेली. अजून बसून राहिली नं इथं."

मी माझी खुर्ची थोडी बाजूला सरकवली.