भरदुपारी लावलेलं दार

दुपारी साडेतीन वाजता लवू परबांनी खोलीचं दार लावलं, आणि तिथेच चुकलं.

डिलाईल रोडच्या त्या चाळीत दिवसा दार कुणी लावत नसे. लवूंची बायको कमल लग्न होऊन आली तेव्हापासून परबांचं दार सकाळी उघडायचं ते रात्री निजानीज झाल्यावरच मिटायचं. भाजी निवडणं, भांडणं, नातीची वेणी, कमलचा निम्मा संसार उंबऱ्यावरच झाला. तिला जाऊन आठ महिने झाले, तरी दार उघडंच असे.

पण आज नात श्रेयाची बँकेची मुलाखत होती, लॅपटॉपवर. आधी दोन बँकांनी नाही म्हटलं होतं. "आजोबा, फक्त अर्धा तास शांतता," एवढंच तिनं मागितलं होतं. शेजाऱ्यांना सांगायची सोय नव्हती. एकेकानं आत येऊन सल्ला दिला असता. म्हणून लवूंनी गंजलेली कडी वरवंट्यानं ठोकून बसवली.

पडद्यावर यशोधन नावाचे साहेब आले. "श्रेया, स्वतःबद्दल सांगा."

तिनं तोंड उघडलं तोच दारावर थाप पडली.

"लवू! दार कित्याक लावलंस?" शेजारच्या गंगुबाई.

लवू गप्प. बोललं तर बँकेत ऐकू जाणार. पण ते गप्प राहिले, आणि बाहेरच्यांचा संशय पक्का झाला.

"आवाज नाय देत रे! कमल गेल्यापासून नीट जेवत पण नव्हता."

"दगडू, पहार आण!"

"गावाक बहिणीला कळवा त्याच्या!"

बहिणीपर्यंत गेल्यावर लवूंना राहवेना. "अरे, जिवंत आहे मी!"

"मग उघड दार!"

कडी निघेना. आतून लवूंनी वरवंटा हाणला, बाहेरून दगडूनं पहार लावली, आणि दार बिजागऱ्यांसकट आत आलं. मागून दहाबारा माणसं आली. गंगुबाईंनी आणलेलं तांब्याभर पाणी वाया जाऊ नये म्हणून लवूंच्या डोक्यावर ओतलं.

"अहो, माझा इंटरव्ह्यू चाललाय!" श्रेया रडकुंडीला आली.

गंगुबाई पडद्यासमोर जाऊन बसल्या.

"काय विचारलंस रे तू तिका?"

"स्वतःबद्दल सांगा म्हटलं," साहेब चाचरत म्हणाले.

"ती काय सांगतली? मी सांगतंय. चाळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले दरवर्षी हीच भरता. माझो अंगठो मशीनीवर उठना नाय, तर चार वेळा माका बँकेत घेऊन गेली. एकदा चिडली नाय. आणि तू खंयचो?"

"गिरगावचा. चाळीतलाच. आता टॉवरमध्ये, विसाव्या मजल्यावर. एकटाच असतो."

"दार?"

"आपोआप लागतं."

"मग तुका काय झाला, तर दार कोण तोडतलो?"

साहेबांनी श्रेयाचा अर्ज पुढ्यात ओढला. टॉवेलनं डोकं पुसता पुसता लवू थांबले.

"श्रेया," साहेब म्हणाले, "सोमवारी मूळ कागदपत्रं घेऊन शाखेत या."

"आणि तू रविवारी हय ये," गंगुबाई म्हणाल्या. "तिसऱ्या माळ्यावर एक खोली रिकामी आसा. पण आधी तुझी मुलाखत होतली."